रिकाम्या गावाचं गिऱ्हाईक

मु. पो. सातखोल, ता. मालवण
गावपळण संपून आठवा दिवस, बुधवार

वसईच्या चौथ्या माळ्यावर जाऊन बसलेली माझी लहानपणची मैत्रीण बर्नादेत हिला आनंदीचा नमस्कार. खरं तर आशीर्वादच द्यायचा, कारण मी तुझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. पण तू जन्मात माझ्या पाया पडली नाहीस आणि आता वाकलीस तर तुला परत सरळ कोण करणार, म्हणून नमस्कारावर भागव. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे मी आणि कोंबड्या. माझे गुडघे वाजतात, पण वाजतात म्हणजे अजून आहेत. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं. दुसऱ्या डोळ्याची घाई करू नकोस. एका डोळ्याने तुला लोकांच्या घरातली जळमटं दिसत होतीच, दोन झाले तर सुनेचं कठीण होईल.

तुझी नजर बसेपर्यंत पत्र ॲश्लिन वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. नात इंग्रजी शाळेतली, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. मी चौथी शिकले, त्यातही तिसरी दोनदा, तेव्हा चुका निघाल्या तर त्या मास्तरच्या. (ॲश्लिन बाय, एक ऐक. जे असं दोन कोयत्यांच्या मधे लिहिलेलं असेल ते आजीला वाचायचं नाही. ते तुझं नि माझं. तिने विचारलं का थांबलीस, तर म्हण, अक्षर लागत नाही.)

आता कारण लिहिते. तुझ्या स्टॅनलीने तुला सांगितलंच असेल की आनंदीमावशीने आपल्या सातखोलच्या घराचं गिऱ्हाईक पळवलं. मलाही फोनवर तसंच बोलला, आणि शेवटी "मावशी, तुम्ही असं करायला नको होतं," असं शुद्ध मराठीत म्हणाला. एरवी तो माझ्याशी मालवणीत बोलतो. आपल्याकडचा मुलगा शुद्ध बोलायला लागला की समजावं, रागावला आहे. तर मी काय केलं आणि काय केलं नाही, ते सगळं लिहिते. घर तुझं आणि तुझ्या बाप्तिस्तने बांधलेलं. ते विकायचं की ठेवायचं हा तुमचा मायलेकरांचा प्रश्न. आपल्या दोघींच्या मधे एक चिऱ्यांचा गडगा आहे, एवढाच माझा संबंध, आणि तो गडगासुद्धा तुझ्या बाजूला कलला आहे.

तू गेल्यापासून गाव पुष्कळ सुधारला. घरं पूर्वीपेक्षा जास्त झाली, माणसं कमी झाली. खाडीकडच्या रांगेत सगळे बंगले उभे आहेत. नावं इंग्रजी. एकाच्या नावाचा अर्थ शाळेतल्या बाईंना विचारला, तर म्हणाल्या, खाडीची कुजबुज. मी जन्मभर खाडीच्या कडेला राहिले, माझ्याशी कधी काही बोलली नाही. बाहेर एसीच्या पेट्या लटकतात, आत कोणी नाही. गेटावरचा दिवा संध्याकाळी आपोआप लागतो आणि सकाळी आपोआप विझतो. देवापुढे दिवा लावायचा तर घरात माणूस लागतो, चोराला दाखवायच्या दिव्याला लागत नाही. गेल्या पावसात हरिश्चंद्र वारला, तो पूर्वीचा होडीवाला. वाडीत घरं एवढी, पण तिरडीला चौथा खांदा मिळेना. शेवटी कुजबुज बंगल्याचा माळी बोलावला. ओडिशाचा मुलगा, हरिश्चंद्राला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं, तरी रडला. घरच्यांपेक्षा बरा रडला.

हे लोक घरं राहायला घेत नाहीत. मी एकाला विचारलं होतं, मग भाड्याने देणार का? तर म्हणाला, नाही, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना. आणि मधले दिवस? मधल्या दिवसांत किंमत वाढते. म्हणजे सोमवार ते शुक्रवार घर रिकामं उभं राहून मोठं होतं, फणसासारखं. आपण आपल्या घरांत उगाच राहिलो, बर्नादेत. राहून राहून लहान करून टाकली.

आपला लवू आठवतो ना, सोनाराच्या विहिरीजवळचा? त्याने घर विकलं. आता त्याच घरात तो केअरटेकर आहे आणि पंपाच्या खोलीत झोपतो. बापाने लावलेल्या माडाचा नारळ काढायचा तर त्याला फोनवर मालकांना विचारावं लागतं, आणि मालक आहेत अकरा. सगळ्यांचा होकार येईपर्यंत नारळ आपला आपण पडतो. हो, अकरा. एक पुण्याचा, एक हैदराबादची डॉक्टरीण, एक बाई दुबईला, आणि बाकीचे कुठले कुठले. शहरात म्हणे ही नवीन पद्धत निघाली आहे. अख्खं घर परवडत नाही, म्हणून घराचा तुकडा घ्यायचा आणि वर्षातले आपल्या वाटणीचे दिवस येऊन राहायचं. मी ऐकून हसले. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात आणि त्यासाठी कोणी दमडी मोजलेली नाही, फुकट भांडतो. ज्या दुखण्यावर आपले लोक तीन पिढ्या कोर्टात औषध शोधतात, ते दुखणं यांनी हौसेने विकत नेलं.

लवूच्या त्या घराच्या एका बाजूला आपली नर्स सारिका भाड्याने राहायची. नवरा कणकवलीला नोकरीला, रोज जाऊन-येऊन करतो, आणि पदरात एक लहान मुलगी. घर विकलं तशी तिला बाहेर काढली. मग ही सरकारी नोकरीवाली बाई एक खोली द्या म्हणून दारोदार फिरली. गाव रिकाम्या घरांनी भरला आहे, पण रिकामं घर म्हणजे मोकळं घर नव्हे. कोणी म्हणालं नाताळचं बुकिंग आहे, कोणी म्हणालं भाडेकरू ठेवला की घराचा भाव पडतो. शेवटी माझ्या मागच्या पडवीत आली. तिथे एका बाजूला लाकडं, एका बाजूला कोंबड्यांचा खुराडा, आणि मधे ती तिघं. मुलगी रोज पहाटे कोंबड्याबरोबर उठते आणि कोंबड्यापेक्षा मोठ्याने ओरडते. सारिकाने बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे. मला तिची दया वगैरे येत नाही, दया करून कोणाचं भलं झालेलं मी बघितलं नाही. पण ती गेली तर माझी साखर कोण तपासणार? दुसरी नर्स येईपर्यंत मी मरेन, आणि चौथ्या खांद्याचं कसं आहे ते वर लिहिलंच आहे.

तर हे असं चाललेलं असताना स्टॅनलीचा फोन आला. म्हणाला, त्या अकरा जणांना आता दुसरं घर घ्यायचं आहे आणि आपलं घर त्यांना फोटोत आवडलं आहे. त्यांच्यातला पुण्याचा जितेंद्र साहेब बघायला येईल, चावी तुमच्याकडे आहे, तेवढं दाखवा. मी म्हटलं, दाखवते. मग त्या साहेबाचा फोन आला. आवाज गोड. मला आजी म्हणाला. शनिवारी आलो तर चालेल का, विचारलं. मी म्हटलं, चालेल. तिथे शांतता असते का, विचारलं. मी म्हटलं, शनिवारी अगदी शांत असेल. यात खोटं काय बोलले? त्या शनिवारी गावपळण आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. वय झालं. (आलं होतं.)

तुला सांगायला नको, पण ॲश्लिनला माहीत नसेल म्हणून लिहिते. आपल्या गावात दर तीन वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण करतात. तीन दिवस आणि तीन रात्री गाव पूर्ण रिकामा करायचा. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी वेशीबाहेर. घरांना कुलपं लावायची आणि ओहोळापलीकडे काजूंच्या भरडात, त्या खडकाळ माळावर, झावळ्यांच्या राहुट्या बांधून राहायचं. हिंदू, किरिस्ताव, मुसलमान, कोणी मागे राहायचं नाही. त्या तीन दिवसांत म्हणे गाव देवाचा आणि राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या भुताचा, असतो, ते आपलं फिरून बघतात. मी कधी पाहिलं नाही, कारण मी बाहेर असते. आपण दोघींनी पहिली पळण केली तेव्हा एका चादरीत झोपलो होतो आणि तुझ्या आईने माझ्याही गळ्यात क्रूस घातला होता, राखणदार चुकून आला तर दोन्हीकडून बंदोबस्त असावा म्हणून. (तुझी आजी तेव्हापासून घोरते. नवऱ्याने तिला कधी सांगितलं नाही, बाप्तिस्त फार सज्जन माणूस.) स्टॅनली झोळीत असताना पळणीला आला होता. त्याला आठवायला हवं होतं. आपला गाव कधी बाहेर पडतो हे ज्याला माहीत नाही, त्याने त्या गावातलं घर विकायला काढू नये.

शुक्रवारी दुपारी ढोल वाजला आणि आम्ही निघालो. लवूने आपल्या अकरा मालकांना फोनवर लिहून कळवलं होतं की गावपळण आहे, तीन दिवस गावात कोणी नसणार, तुम्हीही येऊ नका. अकराच्या अकरा जणांनी उलट अंगठ्याचं चित्र पाठवलं. वाचलं एकानेही नाही. पूर्वी न वाचता अंगठा देणाऱ्याला अडाणी म्हणायचे.

शनिवारी जितेंद्र साहेब आला, तो किनाऱ्याकडच्या नव्या रस्त्याने. त्याच्या फोनने त्याला तो रस्ता दाखवला, म्हणून आमच्या राहुट्या त्याला दिसल्या नाहीत आणि तो आम्हाला दिसला नाही. काजूंच्या भरडात फोन लागत नाही, त्यामुळे त्याने मला केलेले सगळे फोन वाऱ्यावर गेले. लवूच्या घराला, म्हणजे त्यांच्या घराला, आकडे दाबून उघडायचं कुलूप आहे. ते उघडून तो आत गेला, अंघोळ केली आणि गाव बघायला बाहेर पडला.

हे पुढचं सगळं मला नंतर कळलं, त्यानेच काढलेल्या फिल्मवरून. तो आपल्या वाडीतून चालला आहे आणि बोलतो आहे. हे घर बंद. हेही बंद. पुढचं बंद. दुकान बंद. एक कुत्रं भुंकत नाही, एक मूल रडत नाही. आधी तो जरा घाबरलेला वाटतो. मग त्याचा आवाज बदलतो. बर्नादेत, मी जन्मात खूप माणसं आनंदी झालेली बघितली, पण शंभरावर कुलपं बघून एवढा आनंद झालेला माणूस पहिल्यांदा बघितला. त्याने बाकीच्या दहा जणांना सांगितलं, फक्त एक घर बघायला आलो होतो, इथे पूर्ण गाव रिकामा आहे. भाडेकरू नाही, म्हातारे नाहीत, कसली कटकट नाही, आणि घरं तर झाडूनपुसून ठेवलेली. माझ्या घरासमोर तो बराच वेळ उभा आहे. हैदराबादच्या डॉक्टरणीला माझं घर फार आवडलं. फक्त मागची पडवी पाडावी लागेल, असं तिचं म्हणणं. दुबईची बाई म्हणाली, अंगणातली तुळस राहू द्या, फोटोत चांगली दिसते. तुझ्या घराचं तर त्यांनी नावही काढलं नाही. पूर्ण गाव मिळत असताना बर्नादेतचं घर कोण घेतो? तेव्हा गिऱ्हाईक मी पळवलं नाही. गिऱ्हाईक वाढलं होतं.

इकडे सोमवारी सकाळी गावचा मुख्य मानकरी गुरुदास आणि गुरव कौल घ्यायला देवळात गेले. आपलं देऊळ वेशीला लागून, म्हणून तेवढं चालतं. देवाच्या अंगाला लावलेली उजवी कळी पडली तर परत घरी, डावी पडली तर अजून थांबायचं. ना उजवी पडली ना डावी. देव गप्प. गुरुदासने गाऱ्हाणं घातलं, पुन्हा घातलं, पण देव काही बोलेना. गुरुदास हल्ली गावकर म्हणून जरा ताठ झाला आहे, बोलताना सुद्धा पालखीत बसल्यासारखा बोलतो, पण त्या दिवशी परत आला तो पडलेल्या तोंडाने. लोकांची पिठं संपली होती, मुलांची शाळा बुडत होती, कोंबड्या एकमेकींच्या अंगावर जात होत्या. सगळे म्हणायला लागले, कोणीतरी चुकला, कोणाचं तरी काहीतरी राहिलं. कोणाचं मांजर राहिलं, इथपर्यंत चौकशी झाली.

त्यात लवू वरच्या कातळसड्यावर चढला, तिथे फोन लागतो, उद्या पण येत नाही असं मालकांना कळवायला. चढला आणि उतरला तो धावत. मालकांच्या ग्रुपवरून त्याच्या फोनवर ती सगळी फिल्म येऊन पडली होती. तो गुरुदाससमोर उभा राहून एवढंच बोलला, "गुरुदासानू, आपलो गाव विकूक काढलेलो आसा काय?"

फिल्म हातोहात फिरली. माणसं आपापली घरं ओळखत होती. माझ्या शेजारची राहुटी म्हणाली, तुझी तुळस राहणार गो आनंदी, नशीबवान आहेस. मग गुरुदासच्या डोक्यात उजेड पडला की गावात माणूस आहे, म्हणून देव गप्प आहे. पण पळण संपल्याशिवाय आत कोणी जायचं कसं? तेव्हा ठरलं की ओहोळाच्या काठाला उभं राहून ढोल वाजवायचा आणि सगळ्यांनी मिळून हाक मारायची.

आता त्याच्या बाजूने बघ. शनिवारपासून मुक्काम तिथेच, लवूच्या घराच्या ओसरीवर तो बसलेला, समोर फोन उभा केलेला, फोनात बाकीचे दहा जण, आणि हा त्यांना शांतता दाखवतो आहे. तेवढ्यात ढोल. त्याने मान वर केली तर ओहोळापलीकडे हे एवढं माणूस, काखेत कोंबड्या, डोक्यावर टोपल्या, म्हशी, बोकड, कुत्री, पोरं, आणि सगळी त्याच्याकडे हात करून ओरडताहेत. त्याला काय वाटावं? त्याला वाटलं, कुठली तरी बाहेरची माणसं रिकामा गाव बघून घुसायला आली. तो पळून गेला नाही, हे त्याच्यासाठी मी नेहमी सांगेन. तो फोन हातात घेऊन ओहोळापर्यंत आला आणि आम्हाला म्हणाला, "ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. बाहेरच्या लोकांनी आत येऊ नये."

ढोल थांबला. माझ्या आत्तापर्यंतच्या सगळ्या पळणी मी आठवल्या, पण वेशीबाहेर उभं असताना गावातून असं कोणी बोललेलं मला आठवेना. मग मागून कोणीतरी हसलं, आणि ते हसणं असं पसरलं की गुरुदासला गंभीर राहायला टोपी काढून पुन्हा घालावी लागली.

लवूने हात जोडून त्याला बाहेर बोलावलं. तो ओहोळ ओलांडून आला, पांढरे बूट पाण्यात घालून. आल्यावर त्याने मला ओळखलं, म्हणजे आवाजावरून. म्हणाला, आजी, तुम्ही म्हणालात शांत असेल. मी म्हटलं, होतं ना? मग त्याला बसवायचं कुठे, हा प्रश्न आला. प्रत्येकाची राहुटीची जागा बापजाद्यांपासून ठरलेली. एकच जागा मोकळी होती, माझ्या बाजूची, मोठ्या काजूखालची. तुझी. तिथे त्याला बसवला. तो बिचारा ओले मोजे काढून पिळायला लागला. मी म्हटलं, "बस मेल्या, पेज पी." तो पेज प्याला, आणि त्याने दुसऱ्यांदा मागितली. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

पेज संपल्यावर गुरुदास त्याच्यासमोर बसला. रागावला नाही, आवाजही चढवला नाही, पालखीतून उतरून बोलला. म्हणाला, लवूचं घर तुम्ही घेतलंत त्याला वर्ष झालं, आम्ही तुम्हाला काही सांगायला आलो नाही ही आमची चूक. तुम्ही अकरा मालक, म्हणजे आमच्या हिशेबाने अकरा बिऱ्हाडं. शिमग्याला अकरा घरांतली अकरा माणसं मांडावर, म्हणजे सगळा गाव जमतो तिथे, हवीत. पावसाच्या आधी पाणंद साफ करायला अकरा. कोण गेलं तर खांदा द्यायला अकरा. (हे ऐकून मला बरं वाटलं, लपवून काय करू.) आणि पुढच्या पळणीला अकराही जणांनी बायकापोरं, गुरं, कोंबड्या घेऊन इथे राहुट्या घालायच्या. कोंबड्या नसतील तर विकत घ्यायच्या. साहेब म्हणाला, हे ॲग्रीमेंटमध्ये नव्हतं. तेव्हा मला गप्प बसवलं नाही. मी म्हटलं, "आमच्या देवाक वाचूक येना नाय, बाबा."

गुरुदास मात्र हसला नाही. म्हणाला, "साहेबानू, हय घर घेतल्यार गावय घेवचो लागता. गाव सोडून नुसता घर मिळणा नाय."

हे सगळं चाललं असताना कोणाच्या ध्यानात नव्हतं की साहेबाचा फोन अजून चालूच आहे. ओहोळापर्यंत त्याच्या घरातलं ते वायफाय का काय कसंबसं पोचत होतं आणि राहुटीतही तुटक तुटक आवाज जात होता. फोनातून एक जण विचारता झाला की शिमग्याची हजेरी घरबसल्या देता येईल का. दुबईची बाई म्हणाली, आम्हा सगळ्यांच्या वतीने लवू हजर राहील, तो तिथेच असतो. गुरुदास म्हणाला, लवू आता मालक नाही, त्याला मान नाही. लवू तेव्हा खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. हैदराबादच्या डॉक्टरणीने खांद्याचं पुन्हा विचारून घेतलं, म्हणजे नेमकं काय उचलायचं. सांगितल्यावर ती फोनातून नाहीशी झाली. मग एकेक चौकोन विझत गेला. शेवटी फोनात साहेबाला त्याचाच चेहरा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल घेतला, तर उजवी कळी पहिल्या हाकेला पडली. आम्ही घरी आलो. साहेब पण आमच्याबरोबर वेशीतून आत आला आणि गाडी घेऊन गेला. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला, जे तू कधी केलं नाहीस. दोन दिवसांनी स्टॅनलीला त्यांचा निरोप गेला की आम्हाला सातखोलमध्ये आणखी घर नको. आता तूच सांग, यात मी काय केलं? कौल मी दिला? फोन मी चालू ठेवला? खांद्याची गोष्ट मी काढली? मी फक्त पेज वाढली.

सुनेला आशीर्वाद. स्टॅनलीला सांग, रागावलास तर मालवणीत रागव, म्हणजे मला उत्तर देता येईल. गेल्या नाताळच्या नेवऱ्या आल्या नाहीत, यंदा तरी पाठव, साखर बेताने घाल.

तुझी
आनंदी

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. त्या शनिवारी मी काटक्या गोळा करायला ओहोळाच्या वरच्या अंगाला गेले होते. तिथून किनाऱ्याचा रस्ता दिसतो. एक पांढरी गाडी गावात शिरताना दिसली होती. मला वाटलं, दूधवाला असेल, म्हणून सोमवारपर्यंत कोणाला काही बोलले नाही. (ॲश्लिन, आमच्या दूधवाल्याकडे सायकल आहे.)

दुसरा ता. क. तुझ्या घराची चावी माझ्याकडे होती. होती म्हणजे आता सारिकाकडे आहे. पळणीवरून परत आल्या दिवशीच ती तिघं तुझ्याकडे राहायला गेली. तुझी परवानगी आहे असं मी त्यांना सांगितलं आहे, तेव्हा ती दे. पुढच्या खोलीत बाप्तिस्तचा फोटो होता तिथेच आहे. अंगणातल्या क्रूसाला संध्याकाळी सारिकाची मुलगी मेणबत्ती लावते, कोणी सांगितलं नव्हतं. बदलीचा अर्ज तिने चुलीत घातला, माझ्यासमोर. भाडं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. आता हे स्टॅनलीला सांगायचं काम तुझं, आई तू आहेस. त्याला म्हणावं, घर विकायचंच असेल तर आत माणूस राहत असताना वीक, मग बघू कोण घेतो.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी जितेंद्र साहेबाचा फोन आला. पेज त्याच्या जिभेवर राहिली आहे. म्हणतो, पुढच्या पळणीला तो येणार, आणि शहरातले आणखी लोक पण यायला तयार आहेत. तीन दिवस, तीन रात्री, झावळ्यांची राहुटी, पेज आणि ढोल. माणशी काय घ्याल, विचारत होता. मी म्हटलं, बघते. त्याला खास करून मोठ्या काजूखालची जागा हवी आहे. तिथे वारा चांगला लागतो, असं त्याचं म्हणणं. मी अजून दर सांगितलेला नाही. तीन वर्षं आहेत. मी तोवर असणार आहे, तू तुझं बघून कळव. जागा धरून ठेवू की त्याला देऊ?

(ॲश्लिन, हा कंस आजीला वाच. दोनदा वाच. तिला सांग, दर मी त्याला मुद्दाम एवढा सांगणार आहे की तो येणार नाही. आणि चादर माझ्याकडे आहे, तिने आणायची गरज नाही.)